धुक्याच्या गावातला येसकर

आमच्या घरात देवांना बंदी होती आणि भुतांनाही. अण्णा, म्हणजे माझे वडील, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. छप्पन साली, मिसरूड फुटायच्या वयात, नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेले. येताना त्यांनी जे जे मागं सोडलं त्यात खंडोबा होता, मरीआई होती, अंगात येणं होतं आणि पिंपळावरचा मुंजाही होता. सगळं एका दमात. लहानपणी मी अंधाराला भ्यायले की ते कंदील घेऊन मला परसात न्यायचे आणि विचारायचे, काय आहे इथं? काही नाही ना? मग चल. मला तरीही भीती वाटायची, पण ती बोलून दाखवायची सोय नव्हती.

अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटला तेव्हा गावातलं आमचं घरही पेटलं. माणसं वाचली, भांडीकुंडी गेली. आम्ही परभणीत येऊन दोन खोल्यांत राहायला लागलो आणि अण्णा बदली मागून शहराजवळच्या शाळेत आले. तेव्हापासून त्यांचं एक वाक्य ठरून गेलं होतं: "भूत मी कधी बघितलं नाही. रॉकेलचे डबे घेतलेली माणसं बघितली." हे वाक्य आलं की विषय मिटायचा. अशा घरात भुतांनी गच्च भरलेलं एक इंग्रजी पुस्तक आलं, आणि ते आलं माझ्या भावासाठी, म्हणून ते टिकलं.

भाऊ माझ्याहून चार वर्षांनी मोठा. लहानपणी त्याचे सांधे सुजायचे, ताप यायचा, आणि वाढीचं अंग आहे म्हणून सगळे सोडून द्यायचे. तो ताप सांध्यांतून निघून हृदयाच्या झडपेत जाऊन बसलाय हे कळायला फार उशीर झाला. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, इंग्रजी घेऊन शिकत असताना, तो कॉलेजच्या जिन्यात मध्येच खाली बसला. तो जिना त्याला पुन्हा चढता आला नाही. झडप आकसलीय, ऑपरेशन मुंबईला, नंबर लागेल तेव्हा, असं सांगण्यात आलं. तोवर गोळ्या, अळणी जेवण आणि मोजून पाणी. त्याला एकट्याला अळणी नको म्हणून मायनं घरादारालाच अळणी खायला लावलं होतं. आडवं झालं की त्याला दम लागायचा, त्यामुळे पाठीशी गादीची वळकटी घेऊन तो रात्रंदिवस कॉटवर बसलेला असायचा. मी त्याला महाराज म्हणायचे. राजानं हुकूम सोडावा आणि दासीनं औषधाची बाटली आणावी. आम्ही तेव्हा एकमेकांशी असंच बोलायचो, नाहीतर बोलणंच अवघड होतं.

पुस्तक आणलं त्याच्या मित्रानं. हा मित्र पेडगावचा, घरची शेती बऱ्यापैकी, शिकायला परभणीच्या शेतकी कॉलेजात. कुणी परदेशातून आलेले प्राध्यापक बदलून गेले आणि त्यांच्या पोरानं मागं टाकलेल्या पसाऱ्यात त्याला हे सापडलं. पहिली पानं फाटलेली होती, त्यामुळे पुस्तकाचं नाव आम्हाला कधीच कळलं नाही. चित्रं मात्र अशी होती की बघताना माझी पाचावर धारण बसली. धुक्यातून नुसते हात बाहेर आलेले, आरशात उभी बाई आणि आरशाबाहेर कुणीच नाही. मित्राचं म्हणणं एवढंच की तुला इंग्रजीची आवड आहे, बसल्या बसल्या वाच.

भाऊनं डिक्शनरी मांडीवर घेऊन ते वाचून काढलं आणि आम्हाला समजावलं. तो एक खेळ होता. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकानं गोष्ट सांगायची. गाव, माणसं, वारा, पाऊस सगळं त्याच्या हातात. बाकीच्यांनी एकेक सोंग घ्यायचं, त्या गोष्टीत शिरायचं आणि मी आता अमुक करतो असं म्हणायचं. ते जमलं की नाही हे फाशावर ठरणार. मूळ खेळात म्हणे राक्षस मारून खजिना लुटायचा असतो. आमच्या हाती आलेली होती ती त्याची भीतीची पुरवणी: भयाण मुलुख कसे रचावेत आणि त्यात वावरायला कोणती कोणती सोंगं घ्यावीत. मूळ पुस्तक नव्हतंच, त्यामुळे अर्धे नियम भाऊनं अंदाजानं बसवले. फासा वीस तोंडांचा हवा होता. तसला फासा परभणीत कुठून मिळणार? मी वीस चिंचोके घासून त्यांच्यावर आकडे कोरले आणि ते बोर्नव्हिटाच्या रिकाम्या डब्यात टाकले. डबा हलवायचा, न बघता एक काढायचा, मोठा आकडा आला तर काम फत्ते.

मुलुख पुष्कळ होते. मेलेल्या राजाचा किल्ला होता, कधीच न संपणारा हिवाळा होता. भाऊनं धुक्यानं वेढलेलं गाव निवडलं. त्या गावातून बाहेर पडायला माणूस धुक्यात शिरला की चालून चालून पुन्हा त्याच गावात येतो. बर्फ आपल्याला जमणार नाही, गाव जमेल, असं तो म्हणाला. त्यानं जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर नकाशा काढला तेव्हा मी ओळखलं की हे आमचंच गाव आहे. मारुतीचं देऊळ, चावडी, बारव, वेस. फरक एवढाच की आमची वस्ती त्यानं वेशीच्या आत काढली होती. मी म्हटलं, वा, जन्मात पहिल्यांदा वेशीच्या आत राहायला मिळालं, तेही भुतांच्या गावात. तो हसला आणि हसता हसता त्याला खोकल्याची उबळ आली.

पुस्तकात गोष्ट सांगणाऱ्यासाठी एक सूचना होती, ती भाऊनं मला दोनदा वाचून दाखवली. भीतीच्या खेळात खेळणाऱ्याची आशा पूर्ण तोडायची नाही, नाहीतर तो उठून जातो. आणि पूर्ण द्यायचीही नाही, नाहीतर तो भीत नाही. आमच्या डॉक्टरांनीही हेच पुस्तक वाचलेलं दिसतंय, असं मी म्हटलं. ते मी रागानं म्हटलं होतं. दर खेपेला डॉक्टर म्हणायचे, बघू, पुढच्या महिन्यात बघू.

सोंगांची गंमत अशी की प्रत्येक सोंग काहीतरी द्यायचं आणि काहीतरी काढून घ्यायचं. अंगात लांडग्याचं रक्त असलेला माणूस वाऱ्यासारखा पळणार, पण चिडला तर आपलं-परकं ओळखणार नाही. कुणा अज्ञाताशी सौदा केलेल्या बाईला लपलेलं सगळं कळणार, पण तिचं स्वतःचं कुणाला सांगता येणार नाही. मला ते सोंग ताबडतोब आवडलं. मित्रानं लांडगा घेतला. तिसरं होतं अर्ध्या भुताचं. मित्राच्या मते इंग्रजी भुताला परभणीत कोण भिणार, आपली घ्यावीत. तो बोटांवर मोजायला लागला. मुंजा घ्यावा, पण तो मुंज झालेला बामणाचा पोर. ब्रह्मराक्षसही त्यांचाच. खवीस मुसलमानाचा. वीर म्हणजे लढाईत पडलेला, तो आमच्यातला. आणि मग सहज, कसलाही मळ मनात नसताना, त्यानं विचारलं की तुमच्यातलं कोणतं असतं? विचारून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं आणि त्याचे कान लाल झाले.

मी भांडायच्या तयारीत होते. मेल्यावरही वाडे वेगळे ठेवणाऱ्या लोकांना काय म्हणावं, हे माझ्या ओठांवर आलं होतं. पण भाऊ शांतपणे म्हणाला की आमची भुतं अण्णांनी छप्पन साली सोडून दिली, आता ती कुणाच्या पिंपळावर असतील देव जाणे. आणि चुलीपाशी भाकरी थापणारी माय, जिचं आमच्या बोलण्याकडे लक्ष असेल असं आमच्या कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं, ती मान वर न करता बोलली. "आमच्यातबी हाय की एक. येसकर."

माय वेशीला येस म्हणायची. तिचा आजा निजामाच्या काळात गावचा येसकर होता. दिवे लागले की वेस बंद करायची आणि दिंडीची, म्हणजे वेशीतल्या लहान दाराची, किल्ली कमरेला लावून दाराशी बसून राहायचं हे त्याचं काम. तो बसल्या जागीच मेला, हातात काठी आणि कमरेला किल्ली. त्यानंतर वाट चुकलेल्या माणसाला पुढं काठी वाजल्याचा आवाज यायचा आणि त्या आवाजामागं चालत गेलं की वेस लागायची. मायनं हे सांगितलं तेव्हा पीठ लागलेला हात तिनं हवेतच धरला होता. तो येसकर कुणाला भिववत नाही, म्हणाली, नुसता घरी आणून सोडतो.

कोपऱ्यात पेपर वाचत बसलेले अण्णा भडकले. भुतामुळे नव्हे, किंवा नुसतं भुतामुळे नव्हे, तर गावानं लादलेल्या त्या राबण्यामुळे. "मेल्यावरही गावकीच करायची का त्यानं?" ते म्हणाले. "जिवंतपणी केली तेवढी बस झाली न्हाई?" त्यांचं चुकत होतं असं मला अजूनही वाटत नाही. माय मात्र कधी नव्हे ते उलटून म्हणाली की गावकी काय आणि काय, किल्ली त्याच्याकडं होती का नाही? अण्णांनी पेपर पुन्हा चेहऱ्यासमोर धरला.

अशा रीतीनं माय खेळायला आली. तिला अक्षरओळख नव्हती, पण चिंचोक्यावरचे आकडे ती बोटानं चाचपून ओळखायची. भाऊनं येसकराचं सोंग पुस्तकातल्या रीतीनं रचलं. काय मिळणार? धुक्यातून वाट काढायचं बळ आणि किल्ली. साऱ्या गावात वेस उघडून बाहेर नेऊ शकणारा तो एकटाच. आणि काय जाणार? तो स्वतः कधीच वेशीबाहेर पाऊल टाकू शकणार नाही. मायला हे अजिबात जाचक वाटलं नाही. येसकर बाहेर जाऊन करेल काय, असं तिचं म्हणणं पडलं.

रविवारी दुपारी जेवणं झाली की आम्ही कॉटभोवती बसायचो. भाऊ सांगायचा. त्याचा श्वास वाक्याच्या मध्येच संपायचा, मग तो थांबायचा, आणि ते थांबणं इतकं भीतीदायक असायचं की गोष्टीला वेगळं काही करावंच लागत नव्हतं. बारवेत दिसणारा दुसरा चंद्र, चावडीत रोज एक माणूस कमी होणं आणि उरलेल्यांना तो आठवतसुद्धा नसणं, हे सगळं त्यानं रचलं. मित्र दर खेपेला लांडगा होऊन भलत्याच माणसावर झडप घालायचा आणि मी त्याला उंटावरचा शहाणा म्हणायचे. माय सगळ्यांत चांगली खेळायची. ती कधी घाई करायची नाही. चुकलेल्या एकेकाला ती काठी वाजवत वेशीशी आणायची, त्याला नाव विचारायची, भाकर खाल्ली का विचारायची आणि मग दिंडी उघडायची. कॉटच्या लोखंडावर ती बोटानं टकटक करायची, तेवढीच तिची काठी. त्या दुपारी ती हसायची. मी तिला तशी हसताना त्याआधी कधी बघितल्याचं मला आठवत नाही.

बाकी आठवडा वेगळा होता. शेजारणी रोज नवीन उपाय घेऊन यायच्या. एकजण चारठाण्याकडच्या देवऋष्याचं नाव सांगायची, दुसरी दर्ग्याचा दोरा. बुडत्याला काडीचा आधार. माय अण्णांच्या पाया पडली की एकदा नेऊन तर बघू. अण्णा नाही म्हणाले. मी मुलांना वर्गात जे सांगतो ते घरी मोडू का, असं त्यांनी विचारलं. माय पुन्हा त्या वाटेला गेली नाही. पण त्या दिवसापासून ती अण्णांशी कामापुरतंच बोलायची आणि ते शाळेतून आल्यावर चपला काढून बराच वेळ ओट्यावरच बसून राहायचे. दोघांचाही जीव एकाच जागी टांगणीला लागला होता, आणि तरी दोघं एकमेकांच्या नजरेला नजर देत नव्हते.

मग मुंबईचा नंबर लागला. अण्णा आणि मित्र भाऊला घेऊन गेले. आम्ही घरी काय केलं ते विचारू नका. आम्ही नुसत्या दाराकडं बघत होतो. ते परत आले तेव्हा भाऊ मित्राच्या खांद्यावर रेलून रिक्षातून उतरला आणि त्याच्या छातीवर टाक्यांची पट्टी नव्हती. हृदय फार थकलंय, आता भूल सोसणार नाही, जरा सुधारणा झाली तर बघू, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. सुधारणा होणार नव्हती, हे अण्णांना कळलं होतं. भाऊलाही कळलं होतं. नामांतराचं भिजत घोंगडं तसंच पडलेलं होतं, रस्त्यावर मोर्चे निघत होते, आणि आमच्या घरात मात्र बाहेरचं काही शिरायला जागाच उरली नव्हती.

पुढच्या रविवारी भाऊनं पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं. यापुढं गोष्ट तू सांग, मी खेळतो, म्हणाला. बोलून बोलून दम लागतो, असं कारण त्यानं दिलं. मी विचारलं की सोंग कोणतं घेणार, एवढी पानभर पडलीत. त्यानं कोणतंच घेतलं नाही. ना भूत, ना सौदा, ना लांडगा. साधा माणूस. बळ काही नाही, त्यामुळे जाणारंही काही नाही. पुस्तकात तसं सोंगच नव्हतं, पण मी वाद घातला नाही. त्याचा साधा माणूस चावडीपासून सरळ चालत निघाला, वाटेत कुठे थांबला नाही, आणि वेशीशी येऊन उभा राहिला. भाऊनं मायकडं बघितलं. "येसकर मामा, येस उघडा. मला जायचंय."

मायचं बोट कॉटच्या लोखंडावर होतं. ते तिथंच थांबलं. बाहेर धुकं लय हाय, ती म्हणाली, आज न्हाई.

त्याच्या पुढच्या रविवारी किल्ली गंजली होती. त्याच्या पुढच्या खेपेला येसकरानं त्या माणसाला परत पाठवलं, जा, आधी भाकर खाऊन ये म्हणून. एकदा तर वेशीला पाटलानं सील ठोकलंय अशी थाप तिनं मारली. पाटील आम्ही गोष्टीत कधीच मारून टाकला होता. आम्ही हसलो. भाऊसुद्धा हसला. पण तो दर रविवारी त्याच वेशीशी येऊन उभा राहायचा आणि दर रविवारी तेच मागायचा, आणि त्याच्या पायावरची सूज गुडघ्याच्या वर सरकत होती. भाऊ कुठं जायचं म्हणतोय ते पेडगावच्या मित्राला माझ्याआधी समजलं. तो पाणी पिऊन येतो म्हणून बाहेर गेला आणि सायकलीला टेकून रडत उभा राहिला.

शेवटी भाऊनं माझ्याकडं न्याय मागितला. गोष्ट सांगणारी तू, येसकर ऐकत नाही, तर चिंचोका काढू दे. मोठा आकडा आला तर त्यानं उघडायची. नियमाप्रमाणे ते बरोबर होतं. मी डबा हलवला. त्यानं हात घातला आणि एकोणीस काढला. त्यानं तो तळहातावर ठेवून मायसमोर धरला. काहीतरी मिळवल्यावर लहानपणी तो असाच हात पुढं करायचा. मायनं आकडा चाचपला. मग तिनं तो चिंचोका उचलला, डब्यात टाकला आणि झाकण लावलं.

"निघालेला आकडा परत टाकायचा नसतो," कोपऱ्यातून अण्णा म्हणाले. इतके दिवस ते आमचा खेळ ऐकत होते हे आम्हाला तेव्हा कळलं.

माय त्यांच्याकडं वळली. तिच्या चेहऱ्याकडं मला बघवलं नाही. "तुमी गप बसा," ती म्हणाली. "त्याला कुठं जायची घाई झालीय ते तुमाला कळायलंय का? मी न्हाई उघडणार. माजी येस हाय, मी न्हाई उघडणार." आणि डबा पोटाशी धरून ती स्वयंपाकघरात गेली. भाऊ वळकटीला टेकून डोळे मिटून बसला. थोड्या वेळानं तो मला म्हणाला की माय लई कडक येसकर आहे, निजामाला आवडली असती.

तो खेळ पुढं झाला नाही. त्याच आठवड्यात त्याला सरकारी दवाखान्यात न्यावं लागलं. नाकाला नळी, बोटं निळसर, बसून बसून मान टेकवायला जागा नाही. त्याला पाणी हवं असायचं आणि पाणी मोजूनच द्यायचं होतं. मी चमचा हातात घेऊन बसायचे आणि तो चमच्याकडं बघायचा. त्या चमच्याएवढा राग मला आयुष्यात दुसऱ्या कशाचा आला नाही. एका दुपारी अण्णा औषध आणायला खाली गेले होते, माय त्याची पाठ चोळत होती, मी खिडकीचा पडदा ओढत होते. मी वळले तेव्हा मायचा हात अजून चोळत होता. तिनं तो कितीतरी वेळ थांबवला नाही.

अण्णांनी सगळं आमच्या रीतीनं केलं. वंदना झाली, दहावं-तेरावं काही नाही, कावळ्याची वाट बघणं नाही. शेजारच्या म्हाताऱ्यानं पोराचा जीव कशात अडकला होता का म्हणून विचारलं तर अण्णांनी त्याला हात जोडले आणि पुढं बोलू दिलं नाही. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मित्र आला, मागं बसला, न जेवता गेला. माय रडली नाही. ती स्वयंपाक करायची, अजूनही अळणीच. मी आणि अण्णा मुकाट खायचो. मीठ मागायची आमची हिंमत नव्हती.

कितीतरी दिवस असे गेले. मग एका रविवारी दुपारी मी भांडी पुसत होते तेव्हा मायनं कॉटवरची वळकटी सरकवली, आपल्या नेहमीच्या जागी जमिनीवर बसली आणि डबा पुढं ठेवला. नकाशाचं कॅलेंडर तिनं उलगडून ठेवलं होतं. मला म्हणाली, बस, खेळ मांड.

मी म्हटलं की माय, आता कोण खेळणार. ती म्हणाली, आपण दोघी. तू सांग, मी हुडकते. कुणाला हुडकतेस, हे मी विचारायला नको होतं, कारण मला ते माहीत होतं. पण विचारलं.

"मी येस उघडलीच न्हाई," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी शांत होता, हिशेब पटवून सांगावा तसा. "एकदाबी न्हाई. तू व्हतीस की तिथं. किल्ली माज्यापाशी हाय. मग त्यो गेला कुठून, बाई? दुसरी वाट न्हाई म्हनून त्यानंच सांगितलं व्हतं. त्यो आतच हाय. चावडीपाशी नसला तर बारवंकडं असंल. तू फक्त सांग, मला काठी वाजवत जाऊ दे."

माझ्या अंगात रागाची लाट उसळली. तिच्यावर, पुस्तकावर, ते आणणाऱ्यावर, मुंबईच्या डॉक्टरांवर, कोणावर ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं. मी डबा हातानं दूर लोटला. चिंचोके फरशीवर पसरले. लहानपणी परसात कंदील धरून मला जे शिकवलं होतं ते सगळं एकदम तोंडाशी आलं. मी म्हटलं, माय, असं काही नसतं. ते गाव नाही, ती वेस नाही, आपणच रचलं होतं ते सगळं. मेलेलं माणूस कुठं आत-बाहेर नसतं. मायच्या तोंडावर राग नव्हता, दुःखही नव्हतं. मी काय बोलते ते तिला समजतच नव्हतं. ती खाली वाकून एकेक चिंचोका वेचायला लागली.

अण्णा कोपऱ्यातून उठले. पेपर त्यांनी घडी घालून बाजूला ठेवला. गुडघ्यावर हात टेकत ते खाली बसले, कॉटच्या खाली गेलेला एक चिंचोका त्यांनी हात घालून बाहेर काढला आणि मायच्या ओंजळीत टाकला. मग माझ्याकडं न बघता ते म्हणाले, "असतं म्हण."